पापणीकाठची रेघ

"आपा, आप रोके आए क्या?"

सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने मला हे विचारलं, तेव्हा मी फळ्यावर तारीख लिहीत होते. मी रडून आले नव्हते. उलट त्या दिवशी सकाळी घरात बरंच हसणं झालं होतं. पण पापण्यांचे केस गेलेला डोळा लाल दिसतो, उघडा दिसतो, आत्ताच पाणी पुसून आल्यासारखा दिसतो. मुलीच्या प्रश्नात खोडी नव्हती, काळजी होती. त्यामुळे रागावताही येईना. मी म्हटलं, "नहीं बेटा, खडू गया आँख में." तेही अगदीच खोटं नव्हतं.

मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. माहेर अमरावतीचं, नागपुरी गेटच्या बाजूचं, बी.एड. तिथल्याच विद्यापीठाचं. नोकरी आणि सासर अकोल्यात. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची अजून भीती वाटते, पण ही गोष्ट मला मराठीतच सांगावीशी वाटली. आपल्या बायका अशा गोष्टी एकमेकींना कानात सांगतात, कागदावर कोणी लिहीत नाही. मग प्रत्येकीला पहिल्यापासून ठेचकाळावं लागतं.

२०२१ च्या पावसाळ्यात शाळा मोबाइलवर चालू होती. वेणी घालताना कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा बोटाला लागली. महिन्याभरात अशा तीन जागा झाल्या. मग भुवयांची बाहेरची टोकं गेली आणि हिवाळ्यापर्यंत पापण्या. अमरावतीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि एका मिनिटात निदान केलं. मराठीत याला चाई म्हणतात, आपल्या घरात बालखोरा. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मूळ मरत नाही, झोपतं. म्हणून केस परत येऊ शकतात, आणि परत जाऊही शकतात. तो लागट नाही. तेल बदलल्याने होत नाही, नजर लागल्यानेही होत नाही. बाईंनी थायरॉइडची तपासणी करायला लावली, डोक्यात आणि भुवयांत बारीक इंजेक्शनं दिली. पापण्यांत मात्र ती देता येत नाहीत. "तिथं वाट बघायची," त्या म्हणाल्या.

वाट बघणं सोपं नव्हतं. पापणीचे केस सुंदर दिसण्यासाठी असतात असं मला तोवर वाटायचं. ते गेल्यावर कळलं की ती घराची चिक आहे. घाम थेट डोळ्यात उतरायचा, खडूची भुकटी थेट आत जायची.

आणि लोक. अमरावतीला जाताना मूर्तिजापूरला एसटीत एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि पिशवी उचलून मागच्या सीटवर गेली. मला कारण कळलं. आमच्या भागात भुवया-पापण्या झडलेला चेहरा म्हटला की जुन्या लोकांना तपोवन आठवतं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीजवळ उभं केलेलं ते गाव. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया-पापण्या जातात हे खरं आहे. पण १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने तो रोग बरा होतो, हेही खरं आहे. मला तो नव्हता, आणि असता तरी म्हातारीला उठायची गरज नव्हती. त्या दिवशी मात्र मी एवढा विचार केला नाही. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

अम्मीकडे या दुःखाचं एकच औषध होतं: सुरमा. तिची पितळी सुरमेदानी नानीकडून आलेली. इस्मिद सुरम्याने नजर साफ होते आणि पापण्यांचे केस उगवतात, ही हदीस तिने लहानपणापासून ऐकलेली. दर जुम्याला आम्हा भावंडांना रांगेत उभं करून ती सलाई फिरवायची. आता चौतिसाव्या वर्षी तिने मला पुन्हा समोर बसवलं. पण केसांशिवाय सुरमा थांबत नाही. घामाबरोबर तो गालापर्यंत उतरला.

शिवाय माझ्या मनात दुसरी भीती होती. बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी पूड पुष्कळदा इस्मिदची नसते, ती गॅलेनाची, म्हणजे शिशाच्या दगडाची असते. शिसं शरीरात साठतं. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. सौंदर्यप्रसाधनांत शिशाची संयुगं वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, पण कागदाच्या पुडीवर कायदा कोण वाचतो? मी हे सांगितलं तेव्हा अम्मी दुखावली. म्हणाली, "मतलब मैंने तुम सबको जहर लगाया?" मी गप्प बसले. या प्रश्नाला मुलीने उत्तर द्यायचं नसतं. पण भावाच्या बाळाच्या डोळ्यांत तिने त्यानंतर सुरमा घातला नाही, हे मी पाहिलं.

मग मी पेन्सिल धरली. पापणीच्या काठावर काळी रेघ ओढली की डोळ्याला किनार येते, चेहरा ओळखीचा वाटतो. पण अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसवर गेला की पेन्सिल काय टिकणार? आणि वुजू. दिवसातून पाच वेळा तोंड धुवायचं आणि पाच वेळा रेघ काढायची. शाळेत जोहरच्या नमाजनंतर स्टाफरूमच्या आरशासमोर मी रेघ ओढायची आणि मागून येणारी प्रत्येक बाई क्षणभर थबकायची. एकदा घाईत एक डोळा राहून गेला आणि तशीच मी वर्गात गेले. मुली काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावतीला एका लग्नात मामेबहिणीने मला बाजूला घेतलं. त्याच महिन्यात आमच्या अकोला-अमरावती रस्त्याने जगात नाव काढलं होतं. ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याचा विक्रम गिनीजमध्ये गेला. बहीण हसत म्हणाली, "रस्त्याची काळी रेघ पाच दिवसांत होते, तुझी दोन तासांत होईल." तिच्या ओळखीत एकीने पापणीकाठावर अर्ध-कायम रेघ करून घेतली होती.

मी माहिती काढत गेले. हे गोंदणाचंच भावंड. आपल्या मेळघाटातल्या कोरकू बायकांच्या कपाळावर, हातांवर गोंदण असतं, ते जन्मभराचं. या नव्या प्रकारात सुई उथळ जाते, आणि रंग बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. एक ते तीन वर्षांत तो फिका होत जातो, म्हणून अर्ध-कायम. मात्र पूर्ण पुसला जाईलच असं नाही. काहींच्या पापणीवर राखाडी छटा उरते. आणि डोळ्याजवळ ती लेसरने काढणं धोक्याचं. हा उद्योग ब्यूटी पार्लरमधून निघाला असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात गिओरा अँग्रेस या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात पापणीवरच्या या रेघेविषयी लिहिलं होतं.

आता खरा प्रश्न आला. गोंदण आपल्यात हराम. गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत असल्याची हदीस मी स्वतः मुलींना शिकवलेली. मग मीच?

मी दोन आलिमांना विचारलं. पहिल्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांनी ती रिवायत सांगितली ज्यात एक आई हुजूर (स.) यांच्याकडे येते. तिच्या मुलीचे केस आजारात गळाले आहेत, निकाह ठरला आहे, दुसऱ्यांचे केस जोडू का, असं ती विचारते. तिला परवानगी मिळत नाही. मी ती रिवायत आधी वाचली होती, पण या वेळी त्या मुलीच्या जागी मी होते. घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

दुसरे वयस्क होते. त्यांनी आधी विचारलं, "बेटी, शौक है या मर्ज?" मी कागद दाखवले. मग त्यांनी अरफजा या सहाबींची गोष्ट सांगितली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं, चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा हुजूर (स.) यांनी सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं हराम असूनही. आणि अबू दाऊदच्या संग्रहात इब्ने अब्बास यांच्याकडून आलेल्या रिवायतीत गोंदणाच्या मनाईला आजार नसल्याची अट जोडलेली आहे, तीही त्यांनी दाखवली. शेवटी म्हणाले, "आलिमांत यावर मतभेद आहेत. मी दार दाखवलं. आत जायचं की नाही ते तू अल्लाहला विचार."

मी हे दोन्ही इथे मुद्दाम लिहिते आहे. मला हवं ते उत्तर मिळेपर्यंत मी फिरले, असं कोणी म्हणालं तर मी ते पूर्ण नाकारणार नाही. पण मी इस्तिखारा केला, नवऱ्याशी बोलले. हे म्हणाले, "मुझे तो तू वैसे ही ठीक लगती है." बरं वाटलं, पण वर्गात उभं मला राहायचं होतं. मी ठरवलं. माझा हिशेब मी देईन.

पहिल्यांदा गेले त्या पार्लरमध्ये मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. आजार कोणता, गोळ्या कोणत्या, डोळ्यांना काही त्रास आहे का, काहीच नाही. ट्रेमध्ये सुया उघड्या पडल्या होत्या. ताई म्हणाली, "पंधरा मिनट में कर देती." मी पर्स उचलून निघाले. सुई एकीची दुसरीला लागली तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, सगळं येऊ शकतं. स्वस्तात रेघ आणि घरी कावीळ, असा सौदा मला नको होता.

दुसऱ्यांदा त्वचेच्या दवाखान्यातच गेले. तिथे पहिल्या दिवशी नुसते प्रश्नच झाले. गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का? मधुमेह ताब्यात आहे का? जखमेचा व्रण फुगून वर येतो का? रक्त पातळ करणारी गोळी, मुरुमांची गोळी चालू आहे का? डोळे आलेत, रांजणवाडी झाली, काचबिंदू आहे, चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तर आधी नेत्रतज्ज्ञाची परवानगी आणा. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. माझा आजार जोरात होता तोवर त्यांनी सुई धरायलाही नकार दिला. "सहा महिने नवीन चट्टा नाही आला तर या."

नेत्रतज्ज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पापणीच्या ओल्या आतल्या काठावर तेलाच्या ग्रंथींची बारीक तोंडं असतात. ते तेल अश्रू सुकू देत नाही. रेघ केसांच्या मुळांच्या ओळीत हवी, त्या काठावर नको. नाहीतर जन्मभर डोळे कोरडे पडतील. मी हे कागदावर लिहून घेतलं आणि रेघ काढणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, मान डोलावली. तेव्हा माझा विश्वास बसला.

मग कानामागे रंगाचा आणि बधिर करणाऱ्या मलमाचा छोटा ठिपका लावून काही दिवस थांबायला सांगितलं. खाज, पुरळ आली तर पुढे जायचं नाही. मला आली नाही. तारीखही विचार करून घेतली: २०२२ च्या दिवाळीची सुट्टी. घरात लग्न किंवा ईद असेल तर किमान महिनाभर आधी करा, आदल्या आठवड्यात कधीच नको.

त्या दिवशी तोंडावर पावडरसुद्धा न लावता गेले. चहा टाळला, कारण हात-पापण्या फडफडायला नकोत. लेन्स वापरणारीने चष्मा लावून जावं आणि सोबत कोणीतरी असावं. परत येताना डोळे नीट उघडत नाहीत. माझ्यासोबत मामेबहीण होती. रेघेचा आकार आधी पेन्सिलने काढून आरशात दाखवला. मी बारीक मागितली. जाड नंतर करता येते, बारीक करता येत नाही. सुईचं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फोडलं. मलमाने जागा बधिर झाली, तरी काही ठिकाणी मुंगी चावल्यासारखं होत होतं. डोळे मिटून मी मनात दुरूद पढत राहिले. दोन तास लागले.

पुढचे दहा दिवस हीच खरी परीक्षा. पहिल्या सकाळी पापण्या अशा सुजल्या की आरशात मला माझी खाला दिसली. कापडात गुंडाळलेला थंड शेक थोडा थोडा वेळ, झोपताना डोकं उंच आणि पाठीवर. उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून हलकेच टिपायचं, पुसायचं नाही. दवाखान्याने दिलेलं मलम तांदळाच्या कणीएवढं. अंघोळीत डोक्यावरून पाणी नको, वाफ नको, ऊन नको. फोडणी द्यायचं काम आठवडाभर सासूबाईंनी उचललं. मिरचीचा खाट डोळ्यांना परवडला नसता. वुजूचं काय? जखमेला पाण्याने इजा होत असेल तर तिथं ओला हात फिरवायचा, तोही सोसत नसेल तर ती जागा सोडायची, ही सवलत शरीयतने जखमेला दिलेलीच आहे. बरं झाल्यावर प्रश्नच नाही. रंग कातडीच्या आत असतो, नखांच्या पॉलिशसारखा पाण्याला अडवत नाही.

चौथ्या दिवशी खपल्या सुटू लागल्या आणि भयंकर खाज सुटली. नखाने खपली काढली की तिच्यासोबत रंगही निघतो. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून मी सुती मोजे हातात घालून झोपले. जुनी पेन्सिल, काजळाची डबी फेकून दिली. त्यांतले जंतू ताज्या जखमेत नकोत. पू, वाढती लाली, दुखणं किंवा धूसर दिसणं यांपैकी काही झालं, तर पार्लरला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा, हे मला बजावलं होतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

पाचव्या दिवशी अम्मीचा फोन आला. तिला मी सांगितलंच नव्हतं, मामेबहिणीकडून कळलं होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मेरा सुरमा हराम, और ये हलाल?" मला रडू आलं, आणि खारट पाणी त्या ताज्या रेघेवर उतरल्यावर जी आग झाली ती सुईचीही नव्हती. तिचा सुरमा मी हराम म्हटला नव्हता. पण तिच्या हातून मी काहीतरी काढून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

रेघ आधी गडद होती, मग फिकी, महिन्याभरात स्थिर. डावी थोडी तुटक राहिली. सहा आठवड्यांनी ती भरून घेतली. वर्षभर रक्तदान करायचं नाही, आणि कधी एमआरआय करायची वेळ आली तर या रंगाबद्दल आधी सांगायचं, क्वचित त्या रंगाची आग होते, हेही लक्षात ठेवलं आहे.

रेघेने मला काय दिलं? स्टाफरूमच्या आरशाची गरज संपली. वुजू करून मी सरळ वर्गात जाऊ लागले. काय दिलं नाही? घाम अजून डोळ्यात उतरतो. खडूसाठी मी साध्या काचांचा चष्मा लावते. रेघ म्हणजे पापणी नव्हे.

आता ती बरीच फिकी झाली आहे. उजव्या डोळ्याला काही केस परत आले आहेत, पांढरे. पुन्हा गडद करायची का, हे मी ठरवलेलं नाही. गेल्या ईदला अमरावतीला गेले तेव्हा अम्मीने माझी हनुवटी धरून डोळे उजेडाकडे वळवले आणि ते पांढरे केस मोजले. "सात," ती म्हणाली. मग सुरमेदानी उघडून तिने स्वतःच्या डोळ्यांत सलाई फिरवली. मला विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

याच वर्षी सातवीतली एक मुलगी ओढणी इतकी घट्ट बांधून यायला लागली की कपाळावर वळ उठायचा. मग आठ दिवस आलीच नाही. आली तेव्हा सुट्टीनंतर मी तिला थांबवलं. खूप वेळाने तिने कानामागची ओढणी सरकवली. रुपयाएवढी जागा.

मी चष्मा काढला आणि तिच्यासमोर खाली बसले. "देख, पास से देख."

तिने पाहिलं. "आपा, ये काजल नहीं है?"

"नहीं. लिखवाया है."

"दर्द हुआ?"

"हुआ. थोडा."

"मेरे को भी करना पडेगा?"

"नहीं बेटा. तेरे को पहले डॉक्टर के पास जाना पडेगा. और कल स्कूल आना पडेगा."

तिच्या अम्मीला मी उर्दूत चिठ्ठी लिहिली: हा बालखोरा आहे, लागट नाही, मुलीला शाळेत पाठवा, रविवारी मी तुमच्यासोबत डॉक्टरांकडे येते. दुसऱ्या दिवशी ती आली. ओढणी थोडी सैल होती.